गुंड्याचं टोक

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि विणता विणता माझा डोळा लागतो. की अजून लागायचाय? कारण समोरच्या खुर्चीत हे बसलेत, आणि यांना जाऊन तर वर्ष होत आलं.

यांचे ओठ हलताहेत, पण आवाज येत नाही. हल्ली हेच होतंय, चेहरा आठवतो, आवाज काही केल्या आठवत नाही.

"अहो, मोठ्यानं बोला ना."

हे उठून चालू लागतात, मी मागोमाग. स्वयंपाकघरातून आम्ही यांच्या शाळेत निघतो. व्हरांड्यात एसटीचे फलाट आहेत. वर्गाचं कुठलंही दार उघडावं तर आत आमचंच स्वयंपाकघर, गॅसवर दूध. आता हे नेमके कुठल्या दारातून गेले?

जन्मभर इंग्रजी शिकवलं यांनी. शब्दांची कुळं काढायची भारी खोड. सुनेनं आमटीला 'नाइस' म्हटलं, तर म्हणे पूर्वी नाइस म्हणजे मूर्ख. सुनेनं आठवडाभर आमटीला हात लावला नाही. मी हं हं करत भाजी निवडायची. एक शब्द लक्षात ठेवला असेल तर शपथ.

"अहो, मी चुकले. काहीतरी क्लू तरी द्या."

"क्लू म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

तोच आवाज, खडूच्या भुकटीनं कोरडा झालेला. मला रडूच येतं.

"नाही. सांगा. सावकाश सांगा."

"दोऱ्याचा गुंडा, शरयू. गोष्टीतला राजपुत्र भुलभुलैयात शिरला, तेव्हा एका मुलीनं त्याला गुंडा दिला. धागा धरून तो बाहेर आला. पुढे गुंडा विसरले लोक, वाट दाखवणारं काहीही क्लू झालं."

"मग तुम्ही आत आहात की बाहेर?"

"टोक धर," एवढंच हे म्हणतात. दूध उतू जातं.

जाग येते. लोकरीचा गुंडा पार उलगडलाय. धागा माझ्या सुयांपासून थेट यांच्या खुर्चीपर्यंत गेलाय आणि टोक खुर्चीच्या हाताला बांधलेलं आहे. झोपेत मीच बांधलं असेल? पण गाठ उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला हे मारायचे ती आहे, आणि ती मला कधीच जमली नाही.

सून चहा घेऊन येते. "आई, हे काय? सोडू का?"

"राहू दे. क्लू म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

ती कप खाली ठेवते. "अगदी बाबांसारखं म्हणालात."

मी पुन्हा एकदा म्हणते.