तिसरी झालेला गवंडी

वाकडी भिंत दिसली की वडनेरच्या हरिदास गवंड्यांचं डोकं फिरे. दिवाळसणाला गेले असताना त्यांनी सासऱ्याचीच भिंत पाडली होती.

गावच्या शाळेला नागपूरच्या एका फ्रीमेसन लॉजने, म्हणजे एका जुन्या विलायती बंधुमंडळाच्या शाखेने, पाण्याची टाकी देणगी दिली; बांधकाम हरिदासांकडे आलं. पहिला दगड बसवायला लॉजचे प्रभाकरराव आले. अंगावर पांढराशुभ्र अ‍ॅप्रन आणि त्यावर चक्क गवंड्याच्या गुण्याचं, काटकोन तपासायच्या पट्टीचं, चित्र!

“आम्हीही गवंडीच,” प्रभाकरराव म्हणाले. “आमच्या डिग्र्या विलायतेतल्या जुन्या पाथरवटांकडून आल्यात. पहिली शिकाऊची, दुसरी कारागिराची, तिसरी उस्तादाची. माझी तिसरी झाली.”

“माहीबी तिसरीच झाली, मंग शाळा सोडली,” हरिदास खूश होऊन म्हणाले.

प्रभाकररावांनी चांदीच्या थापीने दगड बसवला. टाळ्या पडल्या. हरिदासांनी ओळंबा लावला, तर दगड बोटभर कललेला. त्यांनी तो सगळ्यांदेखत उपटला.

“तिसरी व्हाले किती दिवस लागले, साहेब?”

“वर्षभर.”

“मी सहा वर्सं नुसतं घमेलं उचललं, तवा थापी हाती आली.”

हरिदासांनी कालवलेल्या सिमेंटच्या मालाने भरलेलं घमेलं त्यांच्या हातात दिलं.

“घ्या. पुन्हा पह्यलीत बसा.”