नदीकाठची साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पास्टरना नाही, बायकोला — शैलाला — नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमतंय बहुधा.

मी मूळचा नगरकडचा. एअर फोर्समधून निवृत्त झालो आणि इकडे चंदीगडजवळ पंचकुल्यातच राहिलो. सुखात आहे. पेन्शन आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि दर शनिवारी सकाळी आमच्या चर्चमधली सात-आठ गडीमाणसं घेऊन मी पिंजौरच्या पुढे नदीवर गळ टाकायला जातो. चर्चच्या बाकावर जांभया देणारा माणूस तिथं कसा मोकळा होतो, बघायला या एकदा! पुरुषाला समोर बसवून विचारलं तर उत्तर ठरलेलं — 'सब ठीक है जी.' शेजारी बसवा, दोघांची नजर पाण्यावर तरंगणाऱ्या गळाच्या बुचाकडे — मग बायकोशी धरलेला अबोला, सुटलेली नोकरी, सगळं बाहेर येतं. मला हे फार आवडतं. अजूनही.

चहाच्या वेळी कुणीतरी साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगतो. पहिल्या शनिवारी कुणी तोंडच उघडेना. मग मीच सुरुवात केली. म्हटलं, मी पक्का दारुडा होतो. एका सकाळी इथंच, नदीकाठच्या याच खडकावर गुडघे टेकले, प्रार्थना केली, उठलो — त्यानंतर थेंबही नाही. एकानं डोळे पुसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

खरं काय होतं? प्रार्थना केली होती, ते खोटं नाही. पण त्यानंतर दोनदा घसरलो. जवळच्या खरड गावातल्या एका डॉक्टरांच्या दारू सोडवायच्या गोळ्या वर्षभर घेतल्या, आणि त्या गिळेपर्यंत शैला रोज समोरून हलायची नाही. हे सांगितलं असतं तर देव लहान झाला असता का? मी झालो असतो — एवढंच.

आमच्यात सॅम्युएल नावाचा एक इलेक्ट्रिशियन यायचा. इथल्या सगळ्यांसारखा मला 'पाजी' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. तोही माझ्यासारखाच दारुडा. माझी साक्ष ऐकून त्यानंही त्याच खडकावर गुडघे टेकले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. पंधरा दिवसांनी तो पिऊन आला. गळाचा दोरा गुंडाळत म्हणाला, "पाजी, आपकी तो सुन ली उसने. मेरी दुआ में ही खोट है."

डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन खिशात होता. आणि मी काय म्हणालो? "लगे रहो यार."

तो पुन्हा आला नाही. त्याची बायको रविवारी चर्चमध्ये दिसते, एकटीच. मला आदरानं 'जय मसीह दी' म्हणते. मीही म्हणतो.

झोप मला छान लागते — हेही सांगून टाकतो. कुणी नवीन आला की बाकीचे मागे लागतात, "पाजी, वो पत्थर वाली सुनाओ!" गेल्या शनिवारी दोघं नवीन आले होते.

मी सांगितली.