हरेश्वरच्या नावाचा गोऱ्हा

कामणला गोदामांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी गुरचरणाचा एक तुकडा अजून उरलाय. मधून नाला वाहतो. हरेश्वर होता तोवर नाल्याच्या अलीकडे गोऱ्हे चरायचे आणि पलीकडे गाई नि कालवडी. कुणी विचारलं, एवढ्याशा गुरांना दोन रानं कशाला, तर तो तंबाखू मळत म्हणायचा, "गोऱ्हा सात महिन्यांचा झाला की त्याला बहीन कळत नाय."

यशोदा हसून पदर तोंडाला लावायची. बाईमाणसासमोर काय बोलतो हा माणूस!

मागच्या वर्षी श्रावणात तो भरदुपारी गोठ्याच्या दारात बसल्या बसल्या गेला. यशोदा आतून म्हणाली, "चहा झालाय, या." तो आला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग चहा गाळला, कप घेऊन बाहेर आली, आणि कप हातात धरूनच किती वेळ उभी राहिली ते तिला आजही सांगता येत नाही. ती रडली नाही. बायका आल्या, कुणी तिला हलवलं, कुणी चिमटा काढला. "रड गं, यशोदे, मोकळी हो." तिने सगळ्यांना पाणी दिलं.

अकराव्या दिवशी मोठे दीर शांताराम म्हणाले, "आपल्या घराची रीत हाय. त्याच्या नावाने गोऱ्हा सोडायचा."

कपिला गाईचा दहा महिन्यांचा तांबडा गोऱ्हा निवडला. त्याला हळदकुंकू लावलं, दावं कापलं. शांतारामांनी हात जोडून सांगितलं, "आता ह्याला कोनी बांधायचं नाय, मारायचं नाय, ह्याच्यावर कोनाची मालकी नाय."

गोऱ्हा चार पावलं गेला. समोर गोदामाची भिंत, उजवीकडे भिवंडी रस्त्यावर कंटेनरांची रांग. तो वळला आणि गोठ्यात येऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो नाला ओलांडून कालवडींत गेला. यशोदाने सवयीने काठी उचलली. शांताराम बांधावरून ओरडले, "कोनाला हाकलतेस? हरेश्वरला?"

काठी खाली आली. मग ती पुन्हा वर गेली नाही. यशोदा सकाळी गुरं सोडायची, संध्याकाळी आणायची, तोंडातल्या तोंडात मोजायची. मोजणी बरोबर भरली की झालं. गोऱ्ह्याच्या मानेवर वशिंड चढलं, आवाज फुटला, तो जमीन उकरायला लागला. हे तिला दिसत होतं. रस्त्यावरून जाणारी वाहनं दिसतात, तसं.

त्या कळपात एक कालवड पाहुणी होती. वसईच्या प्रिस्काबाईंची रोझी. त्यांच्या वाडीत चरायला जागा उरली नाही, म्हणून हरेश्वरने रोझीला ठेवून घेतलं होतं. "दोन वर्षांची करून देतो, मग तुमच्या दारात वासरू नाचेल," असा त्याचा शब्द.

ज्येष्ठात सुमेध आला. जनावरांचा डॉक्टर, वय सत्तावीस-अठ्ठावीस, मोटरसायकलवर बसतानाही हातमोजे खिशातून लोंबणारा. लशी टोचता टोचता तो रोझीपाशी थांबला. कोपरापर्यंत हात घालून तपासलं.

"मावशी, हिला किती महिने झाले?"

"कसले?"

"वयाचे हो."

"पंधरा-सोळा."

"ही पाच महिन्यांची गाभण आहे." त्याने हात धुतला. "म्हणजे अकरा महिन्यांची असताना लागली. बारावीतल्या पोरीचं लग्न लावावं तसं झालं हे. हाडं तरी भरायला हवीत ना? कोणाचं काम?"

यशोदाने तांबड्याकडे पाहिलं. तो रवंथ करत होता.

"आता गर्भ पाडायलाही उशीर झालाय. चांगलं खायला घाला. आणि ह्या महाराजांना वेगळं बांधा, आजच्या आज. नाहीतर चिमटा लावून खच्ची करू, पाच मिनिटांचं काम आहे."

"सोडलेला हाय तो. आमच्या ह्यांच्या नावाने."

"काकांच्या?" सुमेध ओशाळला. मग फॉर्म चाळत म्हणाला, "तसं असेल तर मालकाच्या सहीशिवाय मला हात लावता येणार नाही. आणि मालकच नाही म्हणता."

प्रिस्काबाई पुढच्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून रिक्षाने आल्या. फुलांचा झगा, डोक्याला स्कार्फ, हातात केळ्यांची फणी. रोझीच्या पोटावरून हात फिरवला आणि खाटेवर बसल्या.

"यशोदाबाय, मी हरेश्वरसाठी मिस्सा ठेवली. तुम्ही बैल ठेवला. माझ्या मिस्सेने कोणाची पोर गाभण नाही राहिली."

यशोदाने केळ्यांची फणी आत नेऊन ठेवली.

"अगं, भांड तरी माझ्याशी! हरेश्वर असता तर म्हणाला असता, बाय, एकाच्या ठिकाणी दोन जनावरं दिली तुम्हाला, पेढे काढा."

"ते असते तर हे झालंच नसतं," यशोदा म्हणाली. सरळ आवाजात, बाजारभाव सांगावा तशी.

त्या संध्याकाळी ती शांतारामांकडे गेली. ते ओटीवर विळ्याला धार लावत होते.

"भावजी, गोऱ्हा बांधते."

"बांध. आनि तिकडे तो तुझ्या नवऱ्याला बांधलेला दिसेल." विळा दगडावर फिरत राहिला. "दिलेलं परत घ्यायचं नसतं, यशोदे. एवढं तर कळतं ना?"

ती परत आली. रोझीला पेंड घातली. दुसऱ्या दिवशी गुरं सोडली, मोजली, आणली.

आश्विनात भात पिवळं पडलं आणि रोझी अडली. सकाळी आठला दोन खूर बाहेर आले आणि तिथेच थांबले. सुमेध येईपर्यंत दहा वाजले. त्याने वासराच्या पायांना दोर बांधले.

"कळ आली की ओढा, मावशी. आता! आता थांबा. आता!"

रोझीचे डोळे पांढरे झाले होते. यशोदा टाच रोवून ओढत होती. कळ, ओढ, थांब. बारा वाजता वासरू एकदम सुटून आलं आणि ती मागे पडली. तांबडं वासरू. सुमेधने त्याच्या नाकात काडी घातली, छाती चोळली, उलटं धरलं. मग खाली ठेवलं.

"गेलंय. बराच वेळ झाला असणार."

रोझी उठली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. यशोदा दर दोन तासांनी तिची कूस बदलत होती, पेज पाजत होती. तिसऱ्या दिवशी रोझी पुढच्या गुडघ्यांवर आली, थरथरली आणि उभी राहिली. मागचा उजवा पाय मात्र ओढतच. प्रिस्काबाई फोनवर पलीकडून रडल्या. यशोदाने त्या थांबेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

चौथ्या दिवशी कपिलेची धाकटी, चिमणी, नऊ महिन्यांची, कुडाला पाठ घासत होती. तांबडा तिच्यामागे उभा होता. तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून पाहत होता. घाईत नव्हता.

यशोदाने सुमेधला फोन लावला. "चिमटा घेऊन ये. मालक मिळालाय."

बातमी तिच्याआधी शांतारामांकडे पोचली. सुमेध फॉर्म भरत असतानाच ते अंगणात आले, धापा टाकत.

"सही करू नकोस! ज्या घडीला सही करशील, त्या घडीला ते दान मोडलं."

"हो."

"हो काय? हरेश्वरला तिकडे काय राहील मग?"

"ठाऊक नाय."

"त्याचा जीव हाय त्या गोऱ्ह्यात!"

यशोदाने पेन हातात घेतलं. "भावजी, चिमणी त्याची बहीन हाय. एका आईची." तिने गोऱ्ह्याकडे बोट केलं. "तुमचा भाऊ असा नव्हता."

 सुमेधने मान खाली घालून चिमट्याचा खिळा उगाच तपासला.

"मालकाचं नाव?" त्याने हळूच विचारलं.

"यशोदा लिही."

तिने सही केली. मग गोऱ्ह्याच्या गळ्यात दावं अडकवलं. चौदा महिन्यांनी. त्याने मान झटकली, एकदाच. सुमेधने त्याचे पाय दोराने आवळून त्याला आडवा पाडला. ती मानेवर गुडघा देऊन बसली. चिमटा दोनदा कटकन मिटला. गोऱ्हा हंबरला नाही, फक्त त्याचा श्वास तिच्या पायावर गरम गरम लागला. तोवर शांताराम निघून गेले होते.

"लगेच भरवसा नाही हं," सुमेध निघताना म्हणाला. "दोन महिने तरी वेगळाच बांधा." मग किक मारायची थांबून, "मावशी, तुम्ही ठीक आहात ना? चक्कर वगैरे?"

"नाय. काय वाटत नाय," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

शांताराम त्यानंतर ओटीवरून तिला पाहून आत जायला लागले. दिवाळीचा फराळ त्यांनी पाठवला नाही. तिने पाठवला, तो त्यांच्या बायकोने मागच्या दाराने घेतला.

महिनाभरानंतर चिमणी खरोखर माजावर आली. सकाळपासून ओरडत होती. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला तांबड्याने कान टवकारले, दाव्याला हिसका दिला, पुन्हा दिला. खुंटा हलला. यशोदा चुलीपुढून उठली, पिठाचे हात तसेच. अंगणातला वरवंट्याएवढा दगड उचलून खुंट्यावर पाच-सहा घाव घातले. खुंटा चार बोटं खाली गेला. तिने दावं ओढून पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत घरात गेली.