बाई पडल्या

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी कुणीतरी एक फुटकी कपबशी ठेवून गेलं होतं. कपबशी हे माझं निवडणूक चिन्ह. फुटकी मुद्दाम शोधून आणली असेल, नाहीतर घरातली चांगली फोडली असेल. मेहनत दोन्हींत आहे. मी ती केरात टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, आजपासून या घरात चहा पेल्यातून प्यायचा. त्यांनी फळीवरून पेले काढले. उभी राहू नकोस असं ते कधी म्हणाले नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

पवनेच्या धरणाकाठी, तिकोणा पेठेच्या अलीकडे आमचं गाव. सारी नोकरी मी लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीला उभी राहिले. कारण एकच होतं. गावाच्या वरच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे आणि तिच्या डोक्यावर एक झरा. उन्हाळ्यात समोर धरण चकाकत असतं, पण वस्तीचे हंडे भरतात ते त्या झऱ्यावरच. आता त्या उतारावर बंगल्यांची स्कीम यायची आहे आणि झरा त्यांच्या कुंपणाच्या आत जातो. पंचायतीने ना हरकत दाखला दिला की संपलं. तो देऊ नये म्हणणारी मी, आणि द्यायला काय हरकत आहे म्हणणारा माझ्यासमोरचा उमेदवार. वडगावला मतमोजणी झाली आणि मी पडले.

हा शब्दच बघा ना. जिंकणारा निवडून येतो आणि हरणारा पडतो. जन्मभर पोरांना क्रियापदं शिकवली, पण या एका क्रियापदाला इतकी धार असेल असं कधी वाटलं नव्हतं. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर तेच चाललं होतं. बाई पडल्या. शाळेतली बाई म्हणून अख्खं गाव मला बाईच म्हणतं.

मिरवणूक अर्थातच आमच्या दारासमोर थांबली होती. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी गुलालाने गुलाबी झाल्या. मी खिडकीच्या आडून बघत होते. माझ्या सभेत पुढे बसून माना डोलावणारी माणसं हात वर करून नाचत होती. आधी संताप आला, मग संतापही निवला आणि नुसतं रिकामं वाटू लागलं. खोटं कशाला सांगू, मला माझ्या गावाची किळस आली. लोणावळ्यात एखादी खोली भाड्याने बघावी आणि या लोकांचं तोंड पुन्हा पाहू नये, इथपर्यंत मन गेलं.

भेटायला येणारे यायचे. किती मतांनी? कोण फिरलं? कुठल्या आळीने दगा दिला? चहा प्यायचे आणि जायचे. झऱ्याचं नाव एकानेही काढलं नाही. निवडणूक झाली, विषय संपला. दुपारपर्यंत मी उत्तरं द्यायचं सोडलं आणि ओसरीतल्या खाटेवर पाय पसरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तेवढ्यात फाटक वाजलं. वरच्या वस्तीतल्या मावशी. वय ऐंशीच्या घरात, कानाने अधू. काठी टेकत भर उन्हात तो उतार उतरून आल्या होत्या आणि पदरात काहीतरी बांधून आणलं होतं.

"जय भीम, बाई. उठू नका, पडून ऱ्हावा," त्या दारातूनच म्हणाल्या. "सकाळधरनं ऐकते, बाई पडल्या, बाई पडल्या. कुटं लागलं?"

पदराची गाठ सुटली. आत निरगुडीचा पाला होता, मुक्या मारावर बांधतात तो.

मला हसू फुटलं. हसता हसता रडू कधी आलं ते कळलंच नाही. मतं किती पडली ते सगळ्यांनी विचारलं होतं. लागलं कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. जिच्यासाठी मी काहीच करू शकले नव्हते, ती मला शेकायला आली होती. निकालापासून अडवून धरलेलं सगळं मी तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडून घेतलं.

मावशींना वाटलं, दुखतंय. "गुडगा व्हय?" म्हणाल्या आणि पाला तव्यावर गरम करून आणायला त्यांनी माझ्या नवऱ्याला फर्मावलं. हे मुकाट्याने गेले आणि खरोखर गरम करून घेऊन आले. गुडघ्यावर तो कडवट वासाचा ऊन पाला बसला, वर जुन्या लुगड्याची पट्टी आवळली गेली. मी अडवलं नाही. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटी ह्यांनाच राहवलं नाही. मावशींच्या कानाशी वाकून ते ओरडले, "मावशी, ही निवडणुकीत पडली! पाय धड आहे तिचा!"

मावशी माझ्याकडे वळल्या. "मतात व्हय? म्या तर कपबशीचंच बटन दाबलं." मग म्हणाल्या, "म्हंजी पाय बरा हाय?"

"बरा आहे," मीही मोठ्याने म्हणाले.

"चालता येतंय?"

"येतं."

"आवं, मंग पडून काय ऱ्हायलाय? झऱ्यापाशी माणसं आलती. शिमिटाचं खांब टाकून गेल्यात. आता पुरायला येनार म्हनं. आमच्या बाया तितं बसल्यात. तुमी वाचाय-लिवायच्या. आला तर काय तरी इचाराल तरी."

विचारण्यासारखं होतंच. नव्या पंचायतीची अजून पहिली बैठकही झाली नव्हती, मग दाखला दिला कुणी? आणि एवढं विचारायला निवडून यावं लागत नाही. उत्तर मिळेल याची खात्री मला नव्हती. खांब उभे राहतील, झरा जाईल, हीच भीती होती आणि आजही आहे. पण वर बायका बसल्या होत्या.

मी ह्यांना म्हटलं, मावशींना चहा द्या, कपबशीतून द्या. चहा होईपर्यंत मी चपला शोधल्या. गुडघ्याची पट्टी तशीच राहू दिली.

वस्तीची वाट खडीची आणि घसरडी. मी तरातरा पुढे निघाले होते. मागून काठीचा आवाज येत होता.

"बेतानं, बाई," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर खरंच पडाल."