हशा ओसरेपर्यंत

ओसवाल्ड पिनक यांनी उभा जन्म बटलर म्हणून काढला. पण फक्त रंगमंचावर. घरी चहाचा कप द्यायला गेले तर निम्मा चहा बशीत. बायको हिल्डा म्हणायची, "लोक बघत असले तरच तुझा हात सरळ राहतो."

एका फार्सात ते वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले. तिसऱ्या अंकात यायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, नवरी खिडकीतून पळाली." हशा. तो ओसरला की, "सूप मात्र गरम आहे." हे दुसरं वाक्य पिनकांचा जीव की प्राण.

मग त्या नाटकाचा बोलपट निघाला. बटलर पिनकच. लंडनबाहेरच्या स्टुडिओत दिग्दर्शक गार्साइडनी इशारा केला.

"बाईसाहेब, नवरी खिडकीतून पळाली," पिनक म्हणाले आणि थांबले.

"थांबवा! वाक्य विसरलात?"

"नाही साहेब. हशा ओसरू देतोय."

"इथे हसतंय कोण?"

खरंच कोणी हसत नव्हतं. आवाज मायक्रोफोनमध्ये जाईल म्हणून सगळे ओठ आवळून उभे. एका सुतारानं तर तोंडात टोपी कोंबली होती.

पुन्हा घेतलं. पिनक पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही तेच.

"चहानंतर जमलं नाही तर दुसरा बटलर आणतो," गार्साइड म्हणाले. "पोत्यानं मिळतात."

"पण साहेब, थिएटरात लोक हसले तर पुढचं वाक्य ऐकू कसं येणार?"

"ती काळजी माझी."

चहाच्या सुट्टीत पिनक दोन्ही वाक्यं पुटपुटत राहिले आणि दर वेळी मध्ये थांबले. मुक्कामावरून डबा घेऊन आलेली हिल्डा म्हणाली, "बोल्टनच्या प्रयोगाचा तो सोमवार आठव. धो धो पाऊस, रिकाम्या खुर्च्या, एक माणूस हसला नाही. गाडी सुटत असल्यासारखा बोलत सुटला होतास."

पिनकांनी डोळे मिटून बोल्टन आठवलं. मग कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दोन्ही वाक्यं एका दमात बाहेर पडली. गार्साइड खूश.

बोलपट त्यांच्या गावी, प्रेस्टनला लागला, तेव्हा शनिवारी दुपारी दोघं गेली. नवरी पळाली आणि थिएटर असं फुटलं की पडद्यावरच्या पिनकांचे नुसते ओठ हलले. सूप कोणाच्याच कानी पडलं नाही.

हिल्डानं कोट धरायच्या आत पिनक खुर्चीतून उठले होते. हात ट्रे धरल्यासारखे. त्यांनी हशा ओसरू दिला. मग अंधारात, स्वच्छ आवाजात म्हणाले, "सूप मात्र गरम आहे."

लोक पुन्हा फुटले. दारावरची मुलगी बॅटरी घेऊन धावत आली. "आजोबा, खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन!"

"बसतो गं," पिनक म्हणाले. पण बसले नाहीत. हा हशा अजून ओसरायचा होता.