टॅनबाईंचं चाप चाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि ज्या भिशीच्या मैत्रिणींना सिंगापूरच्या साऱ्या गमती तिखटमीठ लावून ऐकवल्या, त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता एकटीनं बाळगवत नाही — तेही असेल.

मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. बँकेत होते तेव्हा साहेबालासुद्धा चुकलं तर चुकलं म्हणायचे. खोटं बोलणाऱ्यांची मला चीड येते. हे आत्ताच सांगून घेते, नंतर सांगायला तोंड उरायचं नाही.

२०१४ साली मुलाकडे पहिल्यांदा गेले. सिंगापुरात सेम्बावांगला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगा आणि सून मधुरा सकाळी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडून ऑफिसला जात आणि मी दिवसभर कॉरिडॉरमधल्या दारोदारच्या चपला न्याहाळत बसे. शेजारी टॅनबाई, तिथल्याच चिनी. माझ्याच वयाच्या, किडकिडीत, बारीक कापलेले केस, फुलाफुलांचा ब्लाउज. नवरा गेलेला, मुलगी ऑस्ट्रेलियात. माझंही तेच — नवरा गेलेला, मुलगा परदेशात. माझं इंग्रजी बँकेतलं, त्यांचं बाजारातलं, पण आमचं जमलं. मधुराची सासू म्हणून मला त्या 'ममा' म्हणायला लागल्या.

चिनी माणसं काय खातात हे मला जाण्याआधीच ठाऊक होतं. पुण्यात ते कुणाला ठाऊक नसतं? चालतं ते, सरपटतं ते, पोहतं ते. "त्यांच्या भांड्यालासुद्धा हात लावू नका हं, वहिनी," असं धाकट्या जावेनं निघताना बजावलं होतं. मी हसले होते, पण ते मनात घेऊनच विमानात बसले.

एके दुपारी टॅनबाई डबा घेऊन दारात. "ममा, यू ईट. नो मीट, नो मीट. चाप चाय." कोबी, मशरूम, सोयाचे पापुद्रे, काचेसारख्या शेवया, असं सगळं मिळून शिजवलेलं. वाफेला एक आंबूस, उग्र वास होता. मला तो माशाचा वाटला. वाटला म्हणजे — मी ठरवूनच टाकलं.

दार लावलं. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत कोंबलं. कचरा टाकायची झडप लिफ्टपाशी होती, म्हणजे त्यांच्याच दारावरून जायचं. त्यांनी आतून हात केला — "थ्रो रबिश, आह?" मीही हसून हात केला.

मग डबा घासला. आता तो रिकामा कसा द्यायचा? आपल्यात कुणी शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करतं का? बेसनाचे लाडू वळले, भरून नेऊन दिले, वर म्हटलं, "चाप चाय व्हेरी नाइस. ऑल फिनिश्ड." खोटेपणा सुरू झाला तो असा, अगदी रीतीभातीला धरून.

त्यांच्यातही भांडं रिकामं परत देत नसावेत. पंधरवड्यानं डबा पुन्हा भरून आला. मग परत. मी टाकायचे, घासायचे, भरायचे. लाडू, चिवडा, शंकरपाळे — माझ्या हातचं त्या सगळं खायच्या आणि बिनदिक्कत सांगायच्या, "टू स्वीट लाह! नेक्स्ट टाइम लेस शुगर. बट आय फिनिश." मला राग यायचा, बघा! माझ्या लाडवांना नावं? आणि त्यांनी "नाइस, ऑर नॉट नाइस?" विचारलं की मी मान डोलावून "नाइस" म्हणायचे. तोंडावर बोलणारी बाई, ती कोण होती आमच्या दोघींत?

तुम्ही म्हणाल, आवडत नव्हतं तर नको म्हणायचं. पण मला त्या हव्या होत्या हो. संध्याकाळी इमारतीखालच्या दगडी टेबलाशी आम्ही शेजारी शेजारी बसायचो, फारसं न बोलता. बाजारात माझ्यासाठी त्या पालकवाल्याशी भांडायच्या. मला ताप आला तेव्हा मुलगा-सून येईपर्यंत उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलत होत्या आणि माझा हात त्यांच्या हातात होता. नवरा गेल्यापासून असा हात कुणी धरला नव्हता. त्या हाताची आठवण झाली की अजून जीव तुटतो माझा. पण त्याच हातानं रांधलेलं मी तोंडाला लावत नव्हते. हे दोन्ही माझ्यात एकाच वेळी कसं मावत होतं? मावत होतं एवढं खरं.

परतायच्या आदल्या आठवड्यात मधुरा भाजी निवडताना सहज म्हणाली, "आई, टॅन आंटी चंद्राच्या तिथीप्रमाणे उपास पाळतात ना, पौर्णिमेला आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हाच तुम्हाला डबा देतात. कढईसुद्धा वेगळी आहे. कांदा नाही, लसूण नाही. आधी काकांच्या फोटोपुढे ठेवतात, मग तुमच्यासाठी काढतात. मला वाटलं, तुम्हाला माहिती आहे."

मी खाली मान घालून शेंगा मोडत राहिले. कांदा-लसूण मी फक्त चातुर्मासात सोडते, त्यातही पावभाजी असली की सवलत घेते. आणि मी महिन्यातून दोनदा वर्तमानपत्रात गुंडाळून टाकत होते तो त्यांचा नैवेद्य होता. दारात उभ्या राहून "नो मीट, नो मीट" असं त्या सांगत होत्या, तेव्हा खोटं काय होतं त्यात? मी का नाही ऐकलं?

पुढची पौर्णिमा मी निघाल्यावर होती.

पुण्यात परतल्यावर त्या डब्याची मला ओढ लागली. हसू नका. जी चव कधी घेतलीच नाही, तिची आठवण कशी येईल? पण यायची. सोयाची पाकिटं आणून करून पाहिलं, मशरूम घातले. पण कशासारखं झालं पाहिजे, हेच कुठे माहीत होतं? सगळं गॅसवर तसंच ठेवून मी ओट्याशी रडले होते.

तीन वर्षांनी पुन्हा गेले. या वेळी खायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं पक्कं केलं होतं. विमानात इंग्रजी वाक्यं मनाशी घोकली. टॅनबाईंनी दार उघडलं तर निम्म्या झालेल्या, गळ्याला रुमाल. घशाचा मोठा आजार होऊन गेला होता. उपचारांनी आजार हटला, पण जिभेची चव गेली. गोड नाही, खारट नाही, काहीच कळत नाही म्हणाल्या.

पौर्णिमेला त्यांनी मला घरात बोलावलं. फोटोपुढे उदबत्ती, संत्री, आणि एक वाटी. दुसरी वाटी टेबलावर, माझ्यासाठी. त्या बसल्या नाहीत. मीठ नि सोया सॉस आता नुसत्या अंदाजानं घालतात, नवऱ्याला आवडायचं तसं होतंय की नाही, विचारायचं कुणाला? मुलगी फोनवरून नुसतं बघते. मुलीच्या लग्नानंतर हे त्यांच्या हातचं कुणी खाल्लंच नव्हतं. एक मी सोडून.

"ओन्ली यू नो, ममा. यू फिनिश एव्हरी टाइम. यू टेल मी — सेम, ऑर नॉट सेम?"

मी चमचा उचलला, एक घास घेतला. घोकलेली सगळी वाक्यं होती तोंडात, एकूण एक. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंट त्यांच्याकडे बघतात तशा.

"सेम," मी म्हटलं. "एग्झॅक्टली सेम."

तेव्हा कुठे त्या खुर्चीत टेकल्या. हसल्या. "ओके लाह. देन आय ऑलवेज पुट लाइक धिस." मग फोटोकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या — मला वाटतं, तेच सांगितलं असणार.

मी वाटी संपवली. खारट होतं. पूर्वीही तसंच असायचं का, मला माहीत नाही.