संताच्या बोटाचं निदान

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा ओता, आणि बायकोकडून ऐकलं असेल ते आधी विसरा. ती तिखटमीठ लावते.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावातला हाडांचा डॉक्टर. क्लिनिक नवं, आणि गावात नाव व्हावं ही फार हौस. त्यात इथल्या चर्चने आपल्या हॉलमध्ये मध्ययुगीन खजिना मांडला होता. सोन्याचांदीच्या पेट्या आणि आत संतांच्या अस्थी. फादर म्हणाले, "डॉक, यू नो बोन्स. रविवारी लोकांना माहिती देशील?" हाडांचं, आणि मला विचारता? "नो वरीज, मेट" म्हणून मी मोकळा.

रविवारी हॉल भरलेला. काचेच्या कपाटाशेजारी टेबलावर एक चांदीची डबी उघडी दिसली. आत लाल रेशमी तुकड्यावर सुरकुतलेलं बोट. माहितीची चिठ्ठी काही नव्हती. पण मला चिठ्ठी कशाला लागते?

"हे संताचं बोट," मी ठोकून दिलं.

गर्दीतून चर्चच्या मार्गारेट आजी पुढे सरकल्या. "इतकं पिवळं?"

"जुनं हाड पिवळं पडतंच."

"आणि वाकडं का?"

"संधिवात. बिचाऱ्याने थंडीत प्रार्थना केल्या असणार."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. शेजारच्या आजोबांनी टोपी काढली. मग काय, मी सुटलोच. संताचं वय सांगितलं, आहार सांगितला, बोट कुठल्या हाताचं तेही सांगितलं.

तेवढ्यात मागून आमची वैशाली. "अरे मिलिंद, माझी डबी इथे राहिली होय? काल घरभर शोधली."

आदल्याच संध्याकाळी तिच्या मैत्रिणींचं हळदीकुंकू याच हॉलमध्ये झालं होतं. मी साफ विसरलो होतो. आवरणाऱ्याने चांदी बघून डबी खजिन्याशेजारी ठेवली असणार.

मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. ती कसली बसते?

"टर्मरिक, लव," म्हणत तिने ते नखाने खरवडून आजींना दाखवलं. मग माझ्याकडे वळून मराठीत, "जन्मात कधी स्वयंपाकघरात आला असतास, तर हळकुंड ओळखलं असतंस."

फादर नुसतेच खोकले. आजोबांनी टोपी परत घातली.

तिथेच मिटलं असतं तर बरं होतं हो. पण सोमवारी मार्गारेट आजी दुखरा गुडघा घेऊन माझ्याच क्लिनिकमध्ये. मी एक्स-रे लावला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "संधिवात."

आजींनी चष्मा पुसला, एक्स-रे नीट पाहिला, आणि माझा हात थोपटत म्हणाल्या, "राग मानू नकोस डॉक्टर, पण एकदा वैशालीला दाखवून घेऊ या का?"